काकांची खोली, दोन हजार फूट खाली

काकांच्या परदेशातल्या गावाहून, ट्रॉयहून, आम्ही सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी निघालो. गाडीत काका, काकू, मी, तीन स्वेटर, दोन बॅटऱ्या आणि मी नाशिकहून आणलेली कानटोपी. गुहेत उतरायचं तर एवढं हवंच.

काका निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं जमिनीखाली इंधन साठवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर होते. सणवार असो, फोन आला की ते कॅव्हर्नकडे (मिठाच्या थरातल्या पोकळीकडे) पळायचे. काकूंनी ती एकदाही पाहिली नव्हती.

"आज बघतेच," काकू म्हणाल्या, "घर सोडून पळण्यासारखं तिथे आहे तरी काय."

काकांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. फ्रीवे सुटल्यावर, दोन्हीकडे मक्याची शेतं लागली तेव्हा ते माझ्याशी बोलू लागले.

"कंपनी मुळात मिठाची. गोडं पाणी खाली सोडायचं, खारं वर काढायचं, आटवून मीठ विकायचं. खाली पोकळी उरली. मिठाच्या भिंतींतून गॅस झिरपत नाही, हे लक्षात आल्यावर तिथे प्रोपेन (घरं तापवायचा गॅस) ठेवायला लागले."

"म्हणजे चिवडा विकला आणि रिकामा डबा भाड्याने दिला," मी निष्कर्ष काढला.

"डबाच जास्त चालला!"

फाटकावर लिंडा नावाच्या इंजिनीअरबाईंनी हेल्मेटं दिली आणि ठिणगीच्या भीतीने बॅटऱ्या काढून घेतल्या.

"मग अंधारात उतरायचं कसं?" मी विचारलं.

"उतरायचं? तिथे कुणीच उतरत नाही."

समोर कापलेलं गवत आणि माझ्या छातीइतका उंच, झडपांची चाकं लावलेला पाइप. मी प्रदक्षिणा घातली. अकरा पावलं.

"अहो, यासाठी गौरींचं जेवण टाकून गेलात?"

"ते दोन हजार फूट खाली आहे गं."

"तुम्ही पाहिलंय?"

"नाही. किती पाणी गेलं, किती मीठ आलं, त्यावरून आकार काढतात. मोजमापाची यंत्रंही सोडतात."

मला हा पुरावा बिनतोड वाटला. काकूंना नाही. काकांचा चेहरा उतरला.

लिंडाने खाऱ्या पाण्याचं तळं दाखवलं. गॅस वर ढकलून काढायचा तर ते पाणी खाली सोडतात. साधं का नाही, असं मी विचारलं. लिंडा उत्तर देणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "साधं पाणी भिंतीच खाईल की! हे मीठ खाऊन तृप्त झालेलं असतं."

काका बघतच राहिले. "तुला कसं कळलं?"

"खारातल्या मिरच्या घालते मी. मीठ विरघळेनासं होईपर्यंत. आणि पाणी चुकलं तर?"

"पोकळी वेडीवाकडी वाढते. म्हणून तर पळत यायचो."

"हे तेव्हाच सांगायचं होतं. मी जेवणाचा डबा दिला असता."

दुपारी पार्किंगमध्ये आम्ही काकूंनी बांधून आणलेल्या दशम्या आणि त्याच खारातल्या मिरच्या खाल्ल्या. काकांनी चार घेतल्या. एरवी एक घेतात.

घरी परतलो. न वापरलेले तीन स्वेटर आणि कानटोपी मी मोजून बॅगेत ठेवली. डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीची काळजी घेण्यात माणसाची तीस वर्षं जाऊ शकतात, आणि वाया जात नाहीत, एवढं मला कळलं होतं. बॅटऱ्या मात्र फाटकावरच राहिल्या होत्या.

स्वयंपाकघरातून काकूंचा फोनवरचा आवाज येत होता. "अगं, आमच्या यांनी जमिनीखाली केवढी खोली सांभाळलीय! नाही, आत जाता येत नाही. म्हणून तर अजून नीटनेटकी आहे."