आक्काची ओली भिंत

आक्का भिंतीला गाल लावून उभी राहायची. हाताला घट्टे पडलेले असतात, त्याला ओल कळत नाही. गाल फसत नाही, असं तिचं म्हणणं. त्या गालाखेरीज तिचा कशावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, वाण्याच्या तागडीवर नाही, सख्ख्या भावावर तर मुळीच नाही.

हा सख्खा भाऊ म्हणजे माझे वडील, नाना. आक्का त्यांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावी परत आली ती कायमचीच. आम्ही भावंडं वाढलो, माजघरात पाय ठेवायला जागा राहिली नाही, तेव्हा लढाईच्या त्या महागाईतही नानांनी परसात तिच्यासाठी वेगळी खोली बांधली. चुन्याचा गिलावा झाला. आता तिच्या आवडीचा पिवळा रंग तेवढा द्यायचा होता.

तिथंच घोडं अडलं. आपल्याला घराबाहेर काढायचा हा घाट आहे, असं आक्कानं मनात घेतलं. तसं बोलली मात्र नाही. रोज सकाळी जाऊन भिंतीला गाल लावायची आणि येऊन सांगायची, "वल हाय आजून."

चांदभाई रंगारी डिंक भिजवून यायचा आणि तसाच परत जायचा. ओल्या गिलाव्यावर डिंकाचा रंग पापडीसारखा सुटतो, हे त्यालाही मान्य होतं. पण ऐन उन्हाळ्यात अंगणाला भेगा पडल्या, तरी हिची भिंत वाळेना म्हणजे काय? त्यानं एकदा नखानं खरवडून भुकटी दाखवली. "आक्का, ही बगा, खडखडीत हाय."

"तू नानाचा मानूस," आक्का म्हणाली. "तू कशाला वली म्हनशील?"

मग गवंड्यानं खारी वाळू वापरली, ती ओल सोडत नाही, असा तिनं त्याच्यावर आळ घेतला. आई वैतागली. मलाही आक्काचा संताप यायचा.

एका दुपारी मी परसात गेले, तर आक्का तांब्यातलं पाणी ओंजळीनं भिंतीवर मारत होती! मी तडक नानांना बोलावून आणलं. म्हटलं, आता हिची चांगलीच खरडपट्टी निघणार.

नानांनी भिंत पाहिली, तांब्या पाहिला आणि उंबऱ्यावर बसले. "वल हाय गं आक्का. न्हाई वाळायची ही. तू आपली माजघरातच ऱ्हा, हितं कडबा भरू."

आक्का त्यांच्याकडे रोखून बघत राहिली. "मंग खोली बांदली कशाला?"

"पोरं रातभर लाथा मारत्यात. तुजी कंबर दुकती."

"दुसरं काय न्हाई?"

"दुसरं काय आसनार?"

तिनं पदरानं भिंत पुसायला घेतली. "वाळंल दोन दिसांत. चांदभाईला सांगावा धाड."

रंग झाला. आक्का आपली वळकटी आपणच उचलून खोलीत गेली. नानांना मात्र करमेना. सकाळचा चहा ते तिच्याकडेच घेऊ लागले. "का आलास रं? काय पायजे?" ती डोळे बारीक करून विचारायची. "च्या," ते म्हणायचे. "घरात न्हाई व्हय?" असं म्हणत ती आधण ठेवायची.

ती गेली तीही त्याच खोलीत. शेवटी शेवटी वैद्याचं औषध कुणाच्या हातून घेईना, काय कालवलंय कोण जाणे म्हणायची. नाना तिच्यासमोर आधी स्वतः एक घोट घ्यायचे, तोंड वाकडं करायचे, आणि मग ती त्यांच्या हातून उरलेलं सगळं निमूट प्यायची.