छाटलेल्या कडा

त्यांना सगळे खळमामा म्हणत. पुस्तकं बांधायचा धंदा, हाताला सदा खळ चिकटलेली. मुलीच्या मैत्रिणी मामा म्हणायच्या, आणि बघता बघता दोन्ही शब्दांचं मिळून एक नाव झालं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचणारं कोणी उरलं नव्हतं.

जिन्याखालची लांबट खोली हे त्यांचं दुकान. एकाच खिडकीतून आत येणारा उजेड दुपारी कटिंग मशीनच्या चाकापर्यंत पोचायचा आणि तिथून मागे फिरायचा. खिडकीशी बसून त्यांची बायको फर्मे शिवायची. सोळा-सोळा पानांची घडी, एकीला दुसरी जोडत जायचं. मामा पुठ्ठे कापायचे, खळ लावायचे, दाबात घालायचे, आणि दिवसातून एकदा तरी म्हणायचे, "चाळीस वर्षांत एक पान उलटं बसलेलं नाही माझ्या हातून."

"आणि चाळीस वर्षांत मला उलट बोलल्याशिवाय एक दिवस गेलेला नाही," बायको सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची.

बायबल तर त्यांनी किती बांधली असतील! चर्चमधली वाचनाची प्रत, पाळकांची, म्हाताऱ्यांच्या उशाखालची, लग्नात मिळालेली आणि कधीच न उघडलेली. क्रम त्यांना तोंडपाठ होता. कुठलं पान कशानंतर येतं हे ते झोपेतही सांगतील. पण क्रमच पाहायचा, मजकूर नाही, ही कामाची सवय. "शास्त्र मला आतून-बाहेरून माहीत आहे," ते हसून म्हणायचे, "फक्त मधलं राहिलंय." रविवारी ते शेवटच्या बाकावर बसत आणि उपदेश चालू असताना पुढच्याच्या हातातल्या पुस्तकाची शिवण कुठे सैल झालीय ते बघत.

शाळेतल्या बाई आल्या त्या एका सकाळी. बाई म्हणजे मामांच्या मुलीला तीन वर्षं शिकवलेल्या, आता निवृत्त, आता एकट्या. कापडी पिशवीतून त्यांनी एक काळं बायबल काढलं. पाठ सुटलेली, पहिली पानं निखळलेली.

"यांचं आहे," बाई म्हणाल्या. त्यांचे यजमान टपाल वाटायचे. दोन वर्षांपूर्वी गेले. "कडेला पेन्सिलीने लिहिलंय त्यांनी, जागोजागी. मी रोज एक पान काढते. आधी छापलेलं वाचते, मग त्यांचं. तेवढाच त्यांचा आवाज उरलाय घरात. तेव्हा कडा छाटायच्या नाहीत, मामा."

"बाई, हे मला सांगताय?" मामांना जरा लागलंच.

"तुम्हाला नाही, मशीनला सांगतेय," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

बायकोने आठ दिवस खपून फर्मे शिवले. मामांनी पाठीला सरस लावला, वाळवला. त्याच दिवशी पात्याला धार लावून आणली होती आणि शाळेची दहा रजिस्टरं छाटायची होती. पात्याला नवी धार असली की मामांचा हात खुलायचा. एक रजिस्टर ठेवायचं, दाबायचं, चाक फिरवायचं, काढायचं. दुसरं. तिसरं. शेजारच्या गठ्ठ्यावर बाईंचं पुस्तक होतं, अजून पुठ्ठा न चढवलेलं. हाताने ते उचललं, ठेवलं, दाबलं, चाक फिरवलं. डोकं मागाहून आलं.

पातं खाली गेल्यावर जो आवाज होतो तो बायकोला पाठ होता. पण त्यानंतर पुढच्या रजिस्टरचा आवाज आला नाही, म्हणून तिने मान वर केली. मामा मशीनसमोर उभे होते. खाली टोपलीत नाडीसारख्या अरुंद पट्ट्या पडल्या होत्या, आधीच्या रजिस्टरांच्या ढिगाऱ्यात मिसळलेल्या.

"अहो," ती म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला टोमणा सुचला नाही.

जिथे नोंद कडेपर्यंत गेली होती तिथे शेवटची दोन-तीन अक्षरं गेली होती. मामांनी पुस्तक चाळून मोजल्या: एकसष्ट नोंदी जखमी झाल्या होत्या. पुस्तक दिसायला मात्र इतकं देखणं झालं होतं की बघवत नव्हतं.

"बाईंना काही सांगू नका आत्ताच," बायको म्हणाली. "आधी बघू काय सापडतं ते."

"सापडणार काय त्यात? कोंडा आहे तो."

"मग कोंड्यात बघू."

टोपली उपडी केली. मामा गुडघ्यांवर बसले, मशीनखाली मऊ कुंचा फिरवला, पेन्सिलीची खूण असलेली प्रत्येक पट्टी चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर मांडली. हे दहा दिवस चाललं, रोज दुपारी, उजेड मशीनपर्यंत यायचा तेवढा वेळ. पट्टी कुठली हे ओळखायचं तर नुसता आकार पुरत नव्हता. नोंद कशाबद्दल आहे ते कळायला हवं होतं, आणि ते कळायला शेजारचं छापलेलं वाचायला हवं होतं. अशा रीतीने खळमामांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मधलं वाचावं लागलं.

रोजची भाकर मागायच्या प्रार्थनेशेजारी टपालवाल्याने लिहिलं होतं, 'पीठ संपलं होतं. वरच्या मजल्यावरून आलं. मागितलं नव्हतं.' उद्याची काळजी करू नका असं जिथे सांगितलंय तिथे, 'बदलीची बातमी खोटी निघाली. उगाच आठ दिवस जेवण गेलं नाही.' 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' या स्तोत्रापाशी, 'हिचं ऑपरेशन. बाहेर बाकावर. पुढची ओळ आठवेना, म्हणून पहिलीच म्हणत राहिलो.'

मामांनी चिमटा खाली ठेवला. त्यांना वाटायचं शास्त्र म्हणजे मोठ्या माणसांचं, वाळवंटातल्या, दाढ्यांच्या, राजेलोकांचं. इथे एक टपालवाला पिठाचा डबा घेऊन त्यात सरळ शिरला होता, आणि त्याला कोणी हटकलं नव्हतं.

एका दुपारी ते हरवलेल्या नाण्याच्या गोष्टीपाशी आले. एका बाईचं नाणं हरवतं, ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. बायकोने मामांकडे पाहिलं. मामा कुंचा हातात घेऊन मशीनखाली अर्धे शिरलेले होते.

"तुमचीच गोष्ट छापलीय की," ती म्हणाली.

"बाई शोधत होती म्हणायचं, म्हणजे मी बाई का?"

"झाडू तर बाईसारखाच मारताय. घरी कधी मारला नाहीत."

चौपन्न पट्ट्या सापडल्या. तलम कागदाच्या आधाराने मामांनी त्या एकेक करून जागच्या जागी चिकटवल्या. कडा आता सुरवंटासारखी दिसत होती. सात सापडल्या नाहीत. एखाद्या पट्टीवर खूण असेल आणि ती बुटाला चिकटून रस्त्यावर गेली असेल, असं मनात आलं की मामा रस्त्यापर्यंत बघून येत.

बायको सोबत येते म्हणाली. मामा नको म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या घरापर्यंतचा जिना त्यांनी दोनदा थांबून चढला.

बाईंनी दार उघडलं, पुस्तक हातात घेतलं, टेबलाशी बसल्या, भिंग काढलं. मामा उभेच राहिले आणि सगळं सांगून टाकलं: धार, रजिस्टरं, चाक, एकसष्ट, चौपन्न, सात. बाई ऐकता ऐकता पानं उलटत होत्या. जोडावरून बोट फिरवत होत्या. एकदा भिंग खाली ठेवून खिडकीकडे बघत बसल्या. मामांना त्यांचे खांदे तेवढे दिसत होते.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," शेवटी बाई म्हणाल्या.

"हो."

"नीट बजावून सांगितलं होतं."

"हो बाई. तुम्ही म्हणाल ते करतो. तुमची असतील नसतील ती पुस्तकं जन्मभर बांधून देतो. पैसे नकोत. रविवारी सगळ्यांसमोर सांगतो की मी हे केलं. काहीही सांगा."

"नको."

"मग रागवा तरी!"

"रागावलेय. तुम्हाला दिसत नाही का?" बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "शाळेत पोरं अशीच यायची. फळा पुसू का, खडू आणू का, वर्ग झाडू का. सगळ्यांना काहीतरी करून मोकळं व्हायचं असतं. मी तुम्हाला ते फेडायला देणार नाही, मामा. फेडण्यासारखं नाहीच ते. मी तुम्हाला क्षमा केली, आणि ती फुकट आहे. आता बसा."

मामा बसले नाहीत. त्यांना शिव्या चालल्या असत्या. चाळीस वर्षं त्यांनी जे घेतलं ते कामाच्या मोबदल्यात घेतलं होतं; हातात काही न देता काही घ्यायची त्यांच्या हातांना ओळखच नव्हती. मशीनखाली कुंचा घेऊन गुडघ्यांवर बसलेला माणूस त्यांना आठवला आणि पहिल्यांदा असं वाटलं की त्या नाण्याच्या गोष्टीत आपण झाडणारे नव्हतो. आपण त्या कोपऱ्यात पडलो होतो, धुळीत, कधीपासून कोण जाणे, आणि कोणीतरी दिवा घेऊन इथवर आलं होतं.

"बसा म्हणतेय ना! मान दुखते वर बघून."

ते बसले. बाईंनी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. "जोडावरचं मला दिसत नाही. तुम्ही वाचा. आधी छापलेलं, मग त्यांचं."

मामांनी घसा साफ केला. लोकांसमोर मोठ्याने त्यांनी शाळा सुटल्यापासून काही वाचलं नव्हतं. अडखळत, बोट ठेवून ते वाचू लागले. पाचव्या-सहाव्या नोंदीशी थांबले. "इथलं गेलंय. ते सातातलं एक. 'आज घरी येताना हिच्यासाठी...' पुढे नाही."

"चप्पल," बाई लगेच म्हणाल्या. "चप्पल आणली होती. एका मापाने मोठी. मी वर्षभर कापूस घालून वापरली." त्यांनी टेबलाच्या खणातून पेन्सिल काढून पुढे केली. "लिहा."

"मी? त्यांच्या पुस्तकात?"

"माझं अक्षर तिथे बसणार नाही आता. लिहा."

लोकांच्या पुस्तकात रेघ ओढायची नाही, हा धंद्यातला पहिला नियम. मामांनी पेन्सिल धरली, सोडली, पुन्हा धरली. उरलेल्या एवढ्याशा जागेत त्यांनी 'चप्पल' लिहिलं. अक्षर टपालवाल्याच्या अक्षराहून बोजड आलं, शेवटचा ल खाली घसरला. ते रबर आहे का बघू लागले.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "पुढचं वाचा."

सातपैकी पाच ठिकाणचं बाईंना आठवलं. दोन ठिकाणचं काही केल्या आठवेना. तिथे त्यांनी काही लिहू दिलं नाही. मामांनी ती पानं उलटून पुढचं वाचायला घेतलं, आणि या वेळी बोट न ठेवता.