पहिलं अक्षर

आमच्या नाटक कंपनीतल्या प्रॉम्प्टरला आम्ही कुजबुज्या म्हणायचो. तीस वर्षं तो विंगेत स्टुलावर बसला. मांडीवर वही, हातात बोटभर टॉर्च. मी अडखळलो की अख्खं वाक्य कधी देत नसे, फक्त पहिलं अक्षर. "बाकीचं तुझ्याच डोक्यात आहे, महाराज," म्हणायचा. प्रसंग पार भरकटला, तर तळहात हलवून खुणावायचा: चालू ठेव. टाळ्या मात्र मी घेतल्या.

आता त्याची बायको शब्द विसरते. चमचा, खिडकी, लेकीचं नाव. हात हवेत धरून ती थांबते आणि हा पहिलं अक्षर पुरवतो. पण याची कवळी सैल झाली. 'त' म्हणावा तर शिट्टी वाजायची, ती बावरायची. म्हणून या वयात गड्याने पक्क्या दातांसाठी वरच्या जबड्यात चार स्क्रू बसवून घेतले.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. गाल सुजून एक डोळा अर्धा मिटलेला, गालाला रुमालात गुंडाळलेला बर्फ. दोन आठवडे कवळीही घालायची नाही. हाडाने स्क्रू धरले, तर चार-पाच महिन्यांनी दात.

"शेवटी तुलाही मूक भूमिका मिळाली की रे," मी म्हणालो.

त्याने पाटीवर लिहिलं, 'गिळताना कानापर्यंत कळ जाते.' मग खाली, 'तिला आता वाचता येत नाही.'

तेवढ्यात वहिनी आतून आल्या. त्याच्याकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "हे ना, हे माझे..." हात हवेत थांबला.

त्याने बर्फ बाजूला ठेवला. 'न'साठी जीभ वर नेली, ती टाक्यांना लागली. डोळ्यांत पाणी आलं, तोंडातून नुसती हवा. त्याने पुन्हा प्रयत्न केला. वहिनी तशाच उभ्या.

मला जन्मभर अक्षर उचलणंच ठाऊक, देणं नाही. तरी त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणालो, "न."

"नवरा," वहिनी म्हणाल्या. चेहरा उजळला. आणि अक्षर जिथून आलं तिकडे वळून त्यांनी माझा हात धरला. "अहो, किती उशीर केलात. जेवलात का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य मला येत नव्हतं.

त्याने बर्फ पुन्हा गालाला लावला. दुसऱ्या हाताचा तळवा हळूच हलवला.

"जेवलो," मी म्हणालो.