झोप तीच, स्वप्न तेच

मेहकरात स्पॅनिशचा क्लास म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "चालते काय?" क्लास कसाबसा चालतो, किस्से मात्र धो धो! सांगायला जवळपास कोणी नसतं, म्हणून ते साचत जातात. आज तुम्ही तावडीत सापडलात, तर ऐका.

पुण्यात मी एका कंपनीत स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. आता तेच काम घरून करते आणि संध्याकाळी कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत शिकवते. विद्यार्थी तीन. नर्सिंग केलेली निकिता, परदेशाचं वेड घेतलेला वैभव आणि जानेफळहून एसटीने येणारे आबा. आबा म्हणजे रिटायर्ड लाइनमन!

* * *

त्या दिवशी शब्द होता 'सुएन्यो'. मी म्हटलं, "याचा अर्थ झोप. आणि स्वप्नसुद्धा."

वैभव वैतागला. "असं काऊन मॅडम? दोन शब्द ठेवाले काय झालं होतं त्याहीले?"

मागच्या बाकावरून आबा म्हणाले, "बरंच हाय ना बे! मले दोन्हीबी येत नाही. एकच शब्द विसरा लागन!"

सगळे हसले. मीही हसले.

* * *

मी वैभवला बजावून सांगितलं होतं. 'तेंगो सुएन्यो' म्हणजे मला झोप येतेय. मध्ये 'उन' घातलं की माझं एक स्वप्न आहे.

नोकरीच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूत पठ्ठ्याने नेमकं 'उन' गाळलं! छातीवर हात ठेवून, भरल्या आवाजात म्हणाला, "मला झोप येतेय!"

पलीकडची बाई म्हणाली, "मग आधी झोपून घ्या. आपण उद्या बोलू."

वैभव धावत क्लासला आला. "मॅडम, पेढे आणू काय? सेकंड राउंड भेटला!"

* * *

निकिताच्या घरी तिच्या लग्नाचं घाटत होतं. गृहपाठ होता, 'सुएन्यो' दोन्ही अर्थांनी वापरून एक वाक्य करा. तिने लिहिलं, "आईचं एक स्वप्न आहे, त्यामुळे मला झोप नाही."

व्याकरणात चूक शोधली, एकही सापडली नाही. पैकीच्या पैकी!

* * *

फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारींपुरतंच स्पॅनिश लागतं; बाकीचं गंजू नये म्हणून मी माझ्या भाड्याच्या खोलीत मोठ्याने स्पॅनिश बोलत बसते. प्रश्न माझे, उत्तरंही माझी. एकदा घरमालकीणबाई दारात उभ्या. नजर पलंगाखाली!

"कोणाशी बोलून राह्यली व?"

"कोणाशीच नाही, काकू."

"मंग भांडत काऊन होती?"

त्या रात्री त्यांनी पिठलं-भाकरी पाठवली. दिवसभर कानाला हेडफोन लावून मी कितीतरी माणसांशी बोलते, पण जेवलीस का म्हणून कोणी विचारत नाही.

* * *

आबांचा मुलगा स्पेनमध्ये. सून तिथलीच, नातवाला मराठीचा म येत नाही. मी आबांना विचारलं, "मुलगा सांगतो ना तुमचं त्याला? मग या वयात कशाला डोकं शिणवता?"

"मी धा गोष्टी सांगतो मॅडम, तो पोराले दोन सांगते. मधातल्या आठ कुठी जातात?"

दुसऱ्या दिवसापासून आबांना अर्धा तास जास्त शिकवायला लागले.

* * *

जानेफळात परदेशातून फोन आला की तो एकट्याचा राहत नाही. आबांचा व्हिडिओ कॉल असला की अख्खी गल्ली ओसरीवर. बाया, पोरं, समोरचे किराणावाले, सगळे हजर! गल्लीत माणसांना तोटा नव्हता, पण दिवेलागणीनंतर आबा एकटेच. त्यांची बायको वारून तीन वर्षं झाली होती.

आबांनी त्या रविवारी मलाही बोलावलं. "कुठी अटकलो तं सांगजा."

स्क्रीनवर नातू, शेजारी मुलगा. आबा घसा खाकरून, एकेक शब्द जोडत स्पॅनिशमध्ये म्हणाले, "घर रिकामं आहे. तू ये."

कुठेच अडकले नाहीत.

ओसरीवर कोणाला शब्दही कळला नाही, पण टाळ्यांचा कडकडाट! "वा आबा! फाडफाड बोलता राजे हो!" मुलाने मात्र मान खाली घातली. या वेळी त्याला मध्ये काही सांगायचं उरलंच नव्हतं.

नातवाने स्क्रीनजवळ डोळे आणून आबांच्या मागे नीट पाहिलं. मग स्पॅनिशमध्ये म्हणाला, "पण आबा, तिथे तर केवढी माणसं आहेत!"

"काय म्हणते हो मॅडम नातू?" किराणावाल्यांनी विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "विचारतोय, सगळे बरे आहात ना?"

"हाव बाप्पा! समदे बरे!" सगळ्यांनी फोनकडे बघून हात हलवले. आबांनीही हलवला.