चाखून दिलेली बाटली

कुणी प्रेमाने चाखून ताट पुढे केलं की मला ती बाई आठवते.

आदिलाबादच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी बाकावर बसली होती. डावी पापणी बोटाने उचलून धरायची तेव्हा कुठे तिला समोरचं दिसायचं.

"भाऊ, पोराले फोन लावून देता का? मले एकाचे दोन दिसून राह्यले," ती जड जिभेने म्हणाली.

तिने वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, उकडून बाटलीत घट्ट बंद केले होते. काल पोरगा हैदराबादला निघाला, तेव्हा रीतीप्रमाणे आधी स्वतः चाखले आणि मगच बाटली त्याच्या पिशवीत ठेवली. डॉक्टरांनी तिला नुकतंच सांगितलं होतं, हे त्याच वास्त्यांचं विष आहे; बंद बाटलीत असे जंतू क्वचितच वाढतात, पण त्यांच्या विषाला ना वास असतो, ना चव.

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला; तो बराच वेळ वाजत राहिला. एका हाताने पापणी धरून ती दुसऱ्या हाताने पदर चुरगाळत होती. अखेर पोराने उचलला.

"बाबू, ते वास्ते खाऊ नको रे!"

"काऊन? रातीच संपवले आमी रूमवरच्या सगळ्यांनी. तूच तं चाखून देल्ते ना, आई?"

पोराची जीभही तिच्यासारखीच जड झाली होती. मला ते ऐकू आलं. तिलाही आलं असावं, कारण तिचं बोट पापणीवरून सुटलं.