काटेवाल्यांच्या घरचा पातळ चहा

...आणि मेहुण्याने कपबशी खाली ठेवली, इथवर आलो होतो आपण काल. पण तिथूनच पुढे निघालो, तर आज नव्याने येऊन बसलेल्यांना काही उमगायचं नाही. तेव्हा जरा मागून येतो. घाई कुणाला आहे?

तर काटेवाले. बाजारातल्या दुकानदारांचे तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना काटेवालेच म्हणत. लहानसं दुकान, दारात एक स्टूल, आत भिंतीवर टांगलेली पारडी. तराजूची दांडी बोटावर तोलून धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "हा डावीकडे खोटं बोलतोय." आणि तो तराजू खरंच खोटं बोलत असायचा! एखादा दुकानदार लाडीगोडीने म्हणाला, "जरा आमच्या बाजूने झुकू द्या की," तर हे त्याचा तराजू तसाच गुंडाळून त्याच्या हातात देत.

घरात माणसं चार. ते, त्यांची बायको, मुलगा आणि सून. गोष्ट सुरू झाली ती बायकोच्या मनगटांपासून. चौघांचे कपडे, चादरी, अभ्रे, सगळं ती हाताने धुवायची. एकदा ओली चादर पिळता पिळता हातातून निसटली आणि ती तशीच मोरीत मनगट धरून बसून राहिली. डॉक्टर म्हणाले, पिळणं बंद. पण डॉक्टरांनी सांगितलं म्हणून कपडे मळायचे थोडेच थांबतात! काटेवाल्यांनी मनाशी धरलं, थंडी पडायच्या आत कपडे धुण्याचं मशीन घरात आणायचं. तेही उधारीवर नाही, रोखीने.

आता पैसे वाचवायचे ते घरखर्चातूनच. आणि यांचा अनुभव असा, की घरात काटकसर उघड्यावर केली की भांडणं लागतात. "मी दिवा बंद केला, तू पंखा का नाही केलास?" इथून जी सुरुवात होते ती कुणाच्या तरी माहेरापाशी जाऊन थांबते. म्हणून एकदा जेवताना त्यांनी फर्मान काढलं, "प्रत्येकाने आपल्या मनाने एक खर्च कमी करायचा. कोणता, ते सांगायचं नाही. वाचलेले पैसे त्या फळीवरच्या डब्यात टाकायचे. कुणी कुणाला विचारायचं नाही."

"म्हणजे गुप्त पोलीसच झालो की आपण," मुलगा म्हणाला.

"तू आधी आंघोळ झाल्यावर नळ बंद करायला शीक, मग पोलीस हो," आई म्हणाली.

काटेवाल्यांनी स्वतःसाठी दूध निवडलं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून दूध आणायचं आणि तापवायचं काम त्यांच्याकडेच होतं. दूध थोडं कमी आणायचं आणि तेवढं पाणी पातेल्यात ओतायचं, झालं. पण ओतण्याआधी दोनदा दाराकडे वळून पाहिलं त्यांनी! जन्मभर दुसऱ्यांची खोटी मापं पकडलेला माणूस. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली, 'आपलंच दूध, आपलंच पाणी, आणि पिणारेही आपणच.'

त्या दिवसापासून चहा बिघडला. काटेवाल्यांना पहिल्या घोटालाच कळलं, पण बोलणार कोणत्या तोंडाने? म्हणाले, "वा, आज चहा फक्कड झालाय!" बायको दचकलीच. सून घाईघाईने म्हणाली, "हो ना, खरंच छान झालाय." मुलगा कपात तोंड खुपसून म्हणाला, "एक नंबर." मग चहा जसजसा पांचट होत गेला, तसतसं कौतुक वाढत गेलं. भरल्या कपाचा तळ दिसायला लागला, तरी कुणाच्या कपाळावर आठी नाही. घरात एवढा गोडवा आला, की शेजारणीला वाटलं सुनेला दिवस गेलेत!

अशात बायकोचा धाकटा भाऊ मुक्कामाला आला. हा शिंपी, आणि जीभ त्याच्या कात्रीपेक्षा धारदार. त्याने एक घोट घेतला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाला, "ताई, कप विसळून झाला. आता चहा आण."

"माझं चुकलं!" चौघांच्या तोंडून एकदमच निघालं. आणि मग चौघं एकमेकांकडे बघत राहिले.

"मी पावडर निम्मीच टाकते," बायको म्हणाली.

"मी साखर कमी केली," सून म्हणाली.

मुलाने डोकं खाजवलं. "मी हलकी पावडर आणून जुन्या डब्यात भरली."

"तरीच मेल्या! मी म्हणतेय, निम्मी टाकली म्हणून चहा इतका कसा बिघडेल!"

सगळे काटेवाल्यांकडे वळले. ते काहीतरी पुटपुटले.

"काय, काय?" मेहुण्याने कानाला हात लावला.

"पाणी! दुधात पाणी घातलं मी!"

मेहुणा हसून हसून आडवा झाला. "भाऊजी, बाजारात कळलं ना, तर उद्या दुकानदारच तुमचे तराजू तपासायला येतील!"

हसू ओसरल्यावर फळीवरचा पैशांचा डबा खाली काढला. खुळखुळाट भरपूर, ऐवज थोडा. होणार काय दुसरं? चौघांनी मिळून एका चहाचीच मान धरली होती. बाकी घर जसंच्या तसं. मोरीतला नळ ठिबकत होता, रिकाम्या खोलीत पंखा फिरत होता, मुलगा दुपारी बाहेरच जेवत होता.

"यापुढे काटकसर उघड्यावर करायची," बायकोने निकाल दिला. "भांडण झालं तर होऊ दे. पण चहाला कुणी हात लावायचा नाही."

मुलाने घरून डबा न्यायचा, सुनेने किराणा एकदम आणायचा, नळ उद्याच दुरुस्त करायचा, असं भराभर ठरलं. पंख्यावरून भांडणही लगेच झालं आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं. पण एवढं करूनही या थंडीत मशीन येत नाही, हे काटेवाल्यांनी डबा हातावर तोलला तेव्हाच ओळखलं होतं. कपबशा उचलता उचलता बायकोने नकळत मनगट दाबलं. "राहू द्या हो, पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली. काटेवाल्यांनी डबा उचलून परत फळीवर ठेवला.

सकाळी मेहुणा दात घासत मोरीपाशी गेला, तर काटेवाले पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभे! चादरीचं एक टोक खिडकीच्या गजाला अडकवलेलं, दुसरं दोन्ही हातांनी पिळणं चाललेलं, आणि प्रत्येक पिळाला असा हुंकार, की समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. बायको दारात स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली होती आणि म्हणत होती, "अहो, त्या कोपऱ्यात साबण राहिलाय." शेजारी कठड्यावर कप, कपात दाट, लालबुंद चहा.

"काय भाऊजी," मेहुणा म्हणाला, "आलं म्हणायचं मशीन?"

काटेवाल्यांनी हातातला पीळ न सोडता मान वर केली.

"आलं की. जुनं आहे, आवाज फार करतं, पण वीज खात नाही. चहा तेवढा कडक लागतो त्याला."