लेकीचे मागचे कागद

माझा हात पहिल्यापासूनच लवकर उठतो. मी शिकवायचे त्या शाळेत पोरं मला पाठीमागे ‘चापटबाई’ म्हणत. पण मोठ्या माणसावर मी हात उचलला तो एकदाच, लेकीच्या कागदांसाठी.

लेक आम्ही नाशिकच्याच एका संस्थेतून दत्तक घेतली, तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. मूल देताना तिथे एक रीत होती. त्याच्या कमरेचा जुना करदोटा सगळ्यांसमोर कात्रीनं तोडायचा आणि नव्या आईनं नवा बांधायचा. मी रडत रडत बांधला. जिनं हिला टाकलं त्या बाईचं नावही कानावर पडू नये, असं मला वाटत होतं.

पोर शाळेत जायला लागली आणि तिला आकडी आली. एक थांबते न थांबते तोच दुसरी. दात जिभेत रुतले, उशी रक्तानं भिजली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “पूर्वी हिला कुठलं इंजेक्शन दिलं होतं? एखादं सोसलं नसेल आणि मी तेच दिलं, तर पोर हातची जाईल. कागद आणा, लवकर.”

आम्ही नवरा-बायको तसेच संस्थेत धावलो. व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, करदोटा तोडला तेव्हाच मागचं तुटलं. त्या कागदांत जन्मदात्रीचं नाव आहे. पालकांना दाखवता येत नाही.”

“नाव झाका. मला फक्त औषध बघायचंय.”

“नियम म्हणजे नियम.”

“अहो, दोरा तोडलात तुम्ही. तिच्या अंगातलं रक्त बदललंत का?”

ते हसले. मी त्यांच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की चष्मा भिंतीवर जाऊन फुटला. मग टेबलावरचा पेपरवेट उचलून कपाटाच्या काचेवर हाणला. मनगट चिरलं, पण कळलंच नाही. शिपाई धावत आला, तर माझ्या नवऱ्यानं आतून कडी लावली. इगतपुरीच्या गाडीत जागेसाठीही कुणाशी न भांडणारा माणूस दाराला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, “शोध तू.” फायलींवर पालकांची आडनावं होती. आमची सापडली. ती घेऊन मी दवाखान्याकडे पळाले, नवरा तिथेच मागे थांबला.

डॉक्टरांनी पहिलंच पान वाचलं आणि नर्सला ओरडून सांगितलं, “ते भरलेलं फेकून द्या, दुसरं आणा!” पोरीची आकडी हळूहळू उतरली. मग त्यांनी मला खालच्या ओळी दाखवल्या. बागलाणातल्या कुठल्याशा दवाखान्यातली नोंद होती. ‘इंजेक्शन देताना मूल निळे पडले. आई “मनी पोर मरी जाई” (माझी पोर मरेल) असे ओरडत अंगावर आली व कंपाउंडरच्या हाताला चावून तिने सुई उपटली. निम्मे औषध सांडल्याने मूल वाचले.’ पुढच्या पानावर ती बाई दुसऱ्या बाळंतपणात गेल्याचं लिहिलं होतं. तिनं हिला टाकलं नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सकाळी लेक जागी झाली, तेव्हा तिचे वडील पोलीस चौकीत जबाब देत बसले होते. माझं बँडेज पाहून ती सुजलेल्या जिभेनं म्हणाली, “आई, तुला कुणी मारलं?”

“मला नाही गं, मीच मारलं. तुझ्यासाठी दोघींनी मारलंय.”

“दोघी कोण?”

तिला आम्ही काहीच सांगितलेलं नव्हतं. मी स्टूल कॉटजवळ ओढलं आणि आधी तिच्या पहिल्या आईपासून सुरुवात केली.